उत्तररात्रीची तारीख

जन्मभर जे काम करावे त्याची खोड माणसाला शेवटपर्यंत सोडीत नाही. निवृत्त मास्तर लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासतात, निवृत्त पोस्टमन रस्त्याने जाता जाता दारांवरच्या पाट्या वाचतो, आणि आमच्या ओळखीचे एक निवृत्त गार्ड अजूनही रिक्षा सुटण्यापूर्वी मान बाहेर काढून मागे बघतात. मी पस्तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासली. शिशाचे खिळे होते तेव्हा लागलो आणि संगणकाने खिळ्यांना हद्दपार केले त्यानंतर बाहेर पडलो. कादंबऱ्या, पतपेढ्यांचे अहवाल, पोथ्या, एका पंचांगाचे चार-दोन फर्मे, असे सगळे या डोळ्यांखालून गेले. त्याचा परिणाम असा झाला आहे की, कागद समोर आला तरी मी आधी मजकूर वाचीत नाही. कोणते अक्षर मोठे आणि कोणते बारीक ते बघतो. मोठ्या अक्षरांत असते ते छापवून घेणाऱ्याला सांगायची हौस असते म्हणून. बारीक अक्षरांत असते ते सांगणे भाग असते म्हणून.

या खोडीपायी आमच्या ठाण्याच्या सोसायटीत एक बिनपगारी खाते माझ्याकडे चालत आले. विमानाच्या तिकिटांचे. हल्ली घरोघरचे एखादे तरी पाखरू परदेशात, निदान बंगळुराला किंवा हैदराबादला, असतेच. पूर्वी तिकिटासाठी एजंटाच्या कचेरीत जावे लागे. आता हातातल्या फोनवर बोट फिरवले की काम होते, असे सगळेजण म्हणतात. म्हणतात खरे, पण पैसे भरण्याआधी जिना चढून माझ्याकडे येतात. "भाऊ, जरा नजर टाका," असे म्हणून फोन पुढे धरतात. मग मी चष्मा पुसतो आणि गॅली प्रूफ वाचावे तसा तो पडदा वरपासून खालपर्यंत वाचून काढतो.

त्या पडद्यावर सर्वांत ठसठशीत अक्षर भाड्याचे असते. ४,१९९. आकडा कसा अंगाने भरलेला, गोंडस. त्याच्या शेजारी, आम्ही छापखान्यात ज्याला सहा पॉइंट म्हणत असू तेवढ्या टाइपात, एक करडा शब्द अंग चोरून उभा असतो: 'पासून'. सगळ्या विमानव्यवहारात या 'पासून'इतका राबणारा शब्द दुसरा नाही. वर दाखवलेल्या आणि खाली घेतलेल्या भाड्यातली सगळी तफावत तो एकटा आपल्या खांद्यावर वाहतो.

तळमजल्यावरच्या नानांना पुतणीच्या लग्नासाठी सपत्नीक नागपूरला जायचे होते. दोघांचे ८,३९८ रुपये असा हिशेब मनाशी धरून ते माझ्याकडे आले. पुढच्या पानावर आसने निवडायची होती. विमानाचा नकाशा काढलेला आणि खुर्चीखुर्चीवर किंमत चिकटवलेली. आसन न निवडले तर ते फुकट मिळते, पण मग नवरा सहाव्या रांगेत आणि बायको सव्विसाव्या, असे व्हायची धास्ती. जवळजवळ बसायचे म्हणून सातशे रुपये. त्यापुढच्या पानावर प्रवासाचा विमा, माणशी २४९. हा घ्यायचा असेल तर भलेमोठे हिरवे बटण. नको असेल तर त्याच्याखाली बारीक अक्षरांत एक वाक्य, त्याचा अर्थ असा की, 'नको, मी धोका पत्करायला तयार आहे.' नाना त्यावर बोट ठेवणार इतक्यात त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, शुभकार्याला निघालोय. असलं अभद्र कशाला लिहून द्यायचं? घेऊन टाका तो विमा." घेतला. आणि सर्वांत शेवटी, पैसे भरायच्या उंबरठ्यावर, 'सुविधा शुल्क' म्हणून माणशी चारशे. एकूण १०,३९६. नाना एका बँकेत हेडकॅशियर होते. त्यांनी बेरीज तोंडी केली आणि म्हणाले, "दोन हजाराला दोन रुपये कमी." बाकी काही बोलले नाहीत, पण तो चेहरा मी ओळखतो. रोकड जुळली नाही की कॅशियर असा दिसतो.

त्या सुविधा शुल्काचे मला राहून राहून नवल वाटते. माहिती आपणच भरायची, नावांची स्पेलिंगे आपणच तपासायची, आसनही आपणच शोधायचे. म्हणजे एजंटाच्या कारकुनाचे सगळे काम घरी बसून आपण करायचे आणि त्या सोयीबद्दल पैसेही आपणच मोजायचे. वाण्याच्या दुकानात आपल्या हाताने गूळ तोलावा, आपणच पुडी बांधावी, आणि वर वाण्याने आपल्याकडून हमाली मागावी, असा हा प्रकार. आठ-दहा रुपयांच्या साबणाच्या वडीवरसुद्धा सर्व करांसहित किंमत छापावी लागते. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) गेली, तेव्हापासून कंडक्टरने फाडून दिलेल्या तिकिटावर जो आकडा तोच खिशातून गेला. 'तिकीट फाडण्याची सुविधा' असे वेगळे कलम कोणी लावले नाही.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही, आणि त्यावर औषधे शोधून झालेली आहेत. युरोपात २००८ सालच्या नियमाप्रमाणे भाडे दाखवायचे ते कर, शुल्के, अधिभार सगळे मिळवून, अगदी पहिल्यापासून. आणि विम्यासारख्या ज्या गोष्टी ऐच्छिक असतील त्यांवर खूण गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने करायची, कंपनीने आधीच करून ठेवायची नाही. अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून जाहिरातीतला मोठा आकडा सगळ्या सक्तीच्या करांसह असला पाहिजे असा दंडक आहे. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. किंमत थेंबाथेंबाने वाढवीत नेणे ही त्यांतली एक, खोटी घाई लावणे ही दुसरी, नको म्हणणाऱ्याला ओशाळवाणे वाटेल असे शब्द योजणे ही तिसरी. या तिसरीला सरकारी कागदात जे उदाहरण दिले आहे ते नेमके विमानाचे तिकीट काढताना विमा नाकारणाऱ्याचे आहे. नानांच्या घरी मी हे वाचून दाखवले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बघा, सरकारलासुद्धा ते अभद्रच वाटलं."

मात्र भाड्याचा प्रत्येक चढउतार लबाडीचा असतो असे मी म्हणणार नाही. त्यामागे एक यंत्रणा आहे आणि ती समजून घेतली तर पुष्कळ राग निवळतो. विमानातल्या एकाच तऱ्हेच्या खुर्च्या कंपनी मनाशी वेगवेगळ्या ढिगांत वाटते. आंबेवाला एकाच पेटीतल्या आंब्यांचे ढीग लावतो, तसे. प्रत्येक ढिगाला एक इंग्रजी अक्षर आणि एक भाव. स्वस्त ढीग संपला की पुढचा दिसू लागतो. 'फक्त २ जागा शिल्लक' असे तांबडे अक्षर झळकते त्याचा अर्थ बहुधा विमानात दोन जागा उरल्या असा नसतो. त्या भावाच्या ढिगात दोन उरल्या, एवढाच असतो. या यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या एका ढिगात नऊपेक्षा जास्त जागा दाखवीतच नाहीत, मग मागे दीडशे रिकाम्या का असेनात.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, ती चार माणसांच्या कुटुंबाने ध्यानात ठेवावी. स्वस्त ढिगात दोनच खुर्च्या असतील आणि तुम्ही एकदम चार तिकिटे मागितली, तर यंत्र दोन स्वस्त आणि दोन महाग असे देत नाही. बहुतेक ठिकाणी चारही महाग ढिगातून काढते. पडदा याबद्दल अवाक्षर काढीत नाही. आधी एका माणसाचे भाडे विचारून बघावे, मग चौघांचे. माणशी आकडा वेगळा आला तर दोन वेळा दोन-दोन तिकिटे काढावीत. समोरच्या इमारतीतल्या एका कुटुंबाचे या रीतीने दिल्लीच्या प्रवासात साडेतीन हजार रुपये वाचले. त्याचे पेढे मला मिळाले. माझ्या खात्यातली ही एकमेव वरकमाई.

पडद्यावर पहिल्या ओळीत काय ठेवायचे याचे भांडणही जुनेच आहे. अमेरिकेत १९५३ साली एका विमान कंपनीचे अध्यक्ष आणि आय.बी.एम.चे एक विक्रेते योगायोगाने एकाच विमानात शेजारी बसले. दोघांचेही आडनाव स्मिथ. त्या गप्पांतून पुढे जागा राखण्याचे 'सेबर' नावाचे यंत्र उभे राहिले. ते साठीच्या दशकात पुरते चालू झाले. पुढे अशी यंत्रे एजंटांच्या टेबलांवर आली, तेव्हा ध्यानात आले की घाईतला एजंट बहुतेक वेळा पहिल्या पडद्यावरचेच विमान विकतो. मग यंत्राच्या मालक कंपन्या आपली विमाने वरच्या ओळींत बसवू लागल्या. हे इतके वाढले की १९८४ साली तिथल्या सरकारला ओळींच्या क्रमाबद्दल नियम करावे लागले. वर्तमानपत्रात पहिल्या पानाचा दर वेगळा का असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटायचे कारण नाही.

आणखी एक गमतीची भर अलीकडे पडली आहे. गावाचे नाव एक आणि विमानतळ दोन. गोव्यात दाबोळी होतेच. जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातल्या मोपावरूनही विमाने उडू लागली. पडद्यावर दोन्हींच्या नावात मोठ्या अक्षरांत 'गोवा'. सावंतवाडीच्या माणसाला मोपा म्हणजे अंगणात विमान आल्यासारखे. पण मडगावला जाणारा मनुष्य आठशे रुपये वाचले म्हणून मोपाला उतरला, तर मांडवी आणि झुवारी दोन्ही ओलांडीपर्यंत ते आठशे टॅक्सीवाल्याकडे पोहोचलेले असतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि तीच पंचाईत आता आमच्या दाराशी आली.

पण भाडे काय किंवा विमानतळ काय, चुकले तर पैसे जातात. पैसे पुन्हा मिळवता येतात. तारखेचे तसे नाही, आणि मला आज जे मुख्य सांगायचे आहे ते तारखेबद्दल.

आमच्या मराठी घरांत तारीख ही भिंतीवरची गोष्ट आहे. १९७३ साली 'कालनिर्णय' निघाले आणि घरोघर खिळ्याला लागले. त्यात वार डाव्या हाताला एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. डोळ्यांना ती सवय. पडद्यावरच्या दिनदर्शिकेत तारखा डावीकडून उजवीकडे चालतात. तेही एक वेळ चालेल. पण काही ठिकाणी आठवडा रविवारपासून सुरू होतो, काही ठिकाणी सोमवारपासून. आणि वारांची नावे एकेका अक्षरात, तीही फिकट शाईत. पहिले घर रविवारचे, असे गृहीत धरून बोट ठेवणारा मनुष्य सोमवारचे तिकीट घेऊन घरी येतो. मनुष्य वार वाचीत नाही, जागा ओळखतो. अंधारात आपल्या घरातला दिव्याचा खटका सापडतो, तसा त्याला रविवार सापडतो.

त्यातून आकड्यांतल्या तारखा. आपण आधी दिवस आणि मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस. दिवस बाराच्या पुढचा असेल तर चूक लगेच उघडी पडते, कारण तेरावा महिना नसतो. बाराच्या आतल्या तारखाच घातकी. या गोंधळावर १९८८ साली एक आंतरराष्ट्रीय मानक निघाले: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यंत्रांनी ते स्वीकारले, माणसांनी नाही. गंमत अशी की विमानवाल्यांची जुनी पद्धत याहून शहाणी होती. ती तांबड्या कार्बनची कागदी तिकिटे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल. दिवसाचे दोन आकडे आणि त्याला चिकटून महिन्याची तीन अक्षरे. १४ आणि पुढे एन-ओ-व्ही. जगातल्या कोणत्याही माणसाने ती तारीख वाचावी आणि चुकू नये. १ जून २००८ पासून विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने कागदी तिकिटे बंद केली. आतल्या कारकुनी नोंदींत ती तीन अक्षरे अजून आहेत. प्रवाशाच्या वाट्याला मात्र पुष्कळदा दोन तिरप्या रेघांतले आकडे येतात.

आता आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट सांगतो. काकूंना विचारूनच सांगतो आहे.

काकू म्हणजे आमच्या सोसायटीचे चालते पंचांग. एकादशी स्मार्त कोणती आणि भागवत कोणती, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, क्षयतिथी कधी आणि वृद्धितिथी कधी, हे त्यांना विचारावे. भाद्रपदात कोणाला श्राद्धतिथीची शंका आली तर गुरुजींच्या आधी काकूंचे दार वाजते. त्यांची लेक न्यू जर्सीला. २०१९ सालच्या जूनमध्ये तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, परका देश, आणि माणसे म्हणाल तर दोघेच. मुलाने बंगळुराहून काकूंचे जाण्यायेण्याचे तिकीट काढले आणि कळवले, "आई, तेरा तारखेचं विमान आहे. रात्री साडेबारानंतर." काकूंनी भिंतीवर १३ ला निळे वर्तुळ केले. डिंकाचे लाडू केले, अहळीव निवडून घेतले, बाळंतशेपा भाजून घेतल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. गुरुवारी, १३ तारखेला, संध्याकाळी सोसायटीतल्या बायकांनी ओटी भरली. रात्री साडेआठाला आम्ही सगळे टॅक्सीपाशी उभे होतो. मीच त्यांची मोठी बॅग डिकीत ठेवली.

विमानतळावर कंपनीच्या मुलीने तिकीट बघितले आणि अगदी नम्रपणे सांगितले, "मॅडम, तुमचं विमान काल गेलं."

काकू म्हणाल्या, "काल तर मी घरीच होते."

विमान १३ तारखेला शून्य वाजून पस्तीस मिनिटांनी होते. म्हणजे बुधवारी रात्री जेवून, भांडी आवरून निघायला हवे होते. गुरुवारी सकाळी काकू देवपूजा करीत होत्या, तेव्हा त्यांची रिकामी खुर्ची वाळवंटावरून उडत होती. जाण्याचा पहिला टप्पा चुकला म्हणून परतीचे तिकीटही आपोआप रद्द झाले; तसा कायदाच आहे कंपनीचा. तो कायदा तिकिटावर छापलेला होता, कोणत्या टाइपात ते सांगायला नकोच. नवे तिकीट एक लाख नऊ हजारांचे, आणि तेही रविवारचे. शनिवारी नात झाली. लेकीला पाच तास कळा येत होत्या आणि जावई फोन तिच्या कानाशी धरून होता. इकडे काकू देवघरापुढे बसून तिच्याशी बोलत होत्या. काकू पोहोचल्या तेव्हा बाळ दोन दिवसांचे होते. सगळे सुखरूप पार पडले, देवाची कृपा. पण "मी नव्हते," हे दोन शब्द काकू अजून ज्या आवाजात उच्चारतात तो मला ऐकवत नाही.

ते तिकीट माझ्या हाती आले ते सगळे होऊन गेल्यावर. सोसायटीत जो तो म्हणत होता, "शिकल्यासवरल्या माणसांना साधी तारीख वाचता येऊ नये म्हणजे काय!" मुलगा स्वतःला दोष देत होता, काकू स्वतःला. मी मात्र तो कागद प्रुफासारखा समोर ठेवला आणि बघितले. सर्वांत मोठे अक्षर: ००:३५. त्याखालोखाल विमानतळांची तीन-तीन अक्षरे. मग कंपनीचे चित्र. आणि तारीख? वरच्या कोपऱ्यात, करड्या रंगात, बारीक. एकदाच. पुढे मी मुद्दाम त्या प्रकारच्या पडद्यावर कुठल्याशा दिवसाची विमाने काढून बघितली. एका तारखेच्या मथळ्याखाली पहिले विमान ००:३५ चे आणि शेवटचे २३:५० चे. दोन्हींच्या पुढे तेच चंद्राचे चित्र. माणसाच्या हिशेबी ही दोन वेगवेगळ्या रात्रींची विमाने. मध्ये तेवीस तासांचे अंतर. पडद्याच्या हिशेबी ती एकाच रांगेतली भावंडे. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतरच सुटतात, म्हणजे हे एखादे आडवळणाचे उदाहरण नव्हे. रोजचा राजरस्ता आहे.

क्षयतिथी कळणाऱ्या बाईला तारीख वाचता येत नाही, असे म्हणणाऱ्याने पंचांग कधी उघडलेले नसावे. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. झोपेतून उठल्याशिवाय आपला दिवस बदलत नाही. रात्री दोनला कोणी दार वाजवले तर आपण 'काल रात्री' म्हणतो, 'आज' म्हणत नाही. पंचांगकर्त्यांना ही अडचण फार पूर्वी कळली होती. म्हणून दिनदर्शिकेत 'उ. रात्री' असे छापतात. उत्तररात्री, म्हणजे मध्यरात्रीनंतरची पण त्याच दिवसाची. काही पंचांगांत तर पहाटे दीडची वेळ २५ वाजून ३० मिनिटे अशी देतात. मी छापखान्यात नवा असताना असल्या २५ वर लाल रेघ मारली होती, तेव्हा जुन्या जुळाऱ्याने मला बाजूला घेऊन अर्धा तास ज्योतिष शिकवले होते. जपानातही रात्री उशिराचे टेलिव्हिजनचे कार्यक्रम २५ वाजता, २६ वाजता असे छापण्याची पद्धत आहे. तेव्हा ही केवळ आपल्या आजीबाईंची समजूत नव्हे. जिथे माणसे रात्री जागतात तिथे हा प्रश्न येतो आणि समजूतदार माणूस त्यावर तोड काढतो.

काय करायला हवे होते? फार नाही. ००:३५ च्या शेजारी, त्याच टाइपात, 'बुधवारची रात्र, गुरुवारची पहाट' एवढे चार शब्द. रात्री बारा ते चारमधले विमान निवडले की पैसे भरण्याआधी एक ओळ: 'विमानतळावर बुधवारी, १२ तारखेला, रात्री साडेनऊपर्यंत पोहोचा.' विमान पोहोचते त्या वेळेपुढे हेच पडदे न चुकता लहानसे +१ छापतात, की उतराल ती तारीख दुसऱ्या दिवसाची असेल. पण पोहोचण्याची तारीख चुकली तर फार तर घ्यायला येणारा मनुष्य ताटकळतो. सुटण्याची चुकली तर प्रवासच होत नाही. आणि तिथे मात्र काही खूण नाही. फक्त दोन जागा उरल्या हे सांगायला तांबडी शाई असते, हे सांगायला नसते. काही ठिकाणी अशी सूचना आता येऊ लागली आहे, मी स्वतः पाहिली आहे. पण ती अजून करड्या शाईत आहे.

तेव्हापासून माझ्या खात्यात एक नियम झाला. कोणी तिकीट दाखवायला आले की मी त्याला एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. त्यात विमानाची वेळ नसतेच. 'सोमवारी रात्रीचे जेवण लवकर करून आठला घर सोडायचे', एवढेच असते. लोक ती चिठ्ठी भिंतीवर लावतात. नानांनी तर सांगितले की मूळ तिकीट नाही वाचले तरी चालते. मी त्यांना दटावले; मुद्रितशोधकाने असे ऐकून घेणे बरे नव्हे.

यंदा काकूंची लेक, जावई आणि सात वर्षांची नात दिवाळीला यायची आहेत. जावयाने निरोप धाडला: '११/०८ ला पोहोचतो.' काकूंनी आकड्यांकडे एकदा पाहिले, भिंतीकडे एकदा पाहिले, आणि उलट कळवले, "महिना अक्षरांत लिहा." नोव्हेंबरच निघाला. ८ नोव्हेंबर २०२६, रविवार, लक्ष्मीपूजन. विमान उतरणार एक वाजून पन्नास मिनिटांनी. या खेपेला चिठ्ठी माझ्याकडून घेतली नाही. काकूंनी आपल्या हातानेच लिहिली आणि नेहमीच्या टॅक्सीवाल्याला बोलावून वाचून दाखवली. "शनिवारी रात्री. जेवून निघायचं."

तो म्हणाला, "म्हणजे सात तारीख?"

"सातची उत्तररात्र."

"समजलं. सातला रात्री अकराला गाडी लावतो," तो म्हणाला, आणि जिना उतरता उतरता थांबला. "पण काकू, विमानतळ कुठला? सहार, की नवी मुंबई?"

काकूंनी तिकीट पुन्हा हातात घेतले आणि चष्मा शोधू लागल्या.